शाळेची घडी कशी बसली?
वऱ्हाडातील घंटा, हजेरी आणि पाळ्या यांचा इतिहास

अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत सकाळी जाऊन उभे राहिलो, तर पुढच्या तासाभरात काय घडणार हे आपल्याला आधीच सांगता येते. घंटा होते. मुले उंचीनुसार रांगा करतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना होते. मग वर्गात हजेरी, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, वार, पट आणि उपस्थितीचा चौकोन, आणि त्यानंतर पहिला तास. पाणी कोणी आणायचे, वर्ग कोणी झाडायचा, बाहेर जाताना कोणाला विचारायचे, हेही ठरलेले असते. काही गोष्टी लिहून ठरलेल्या असतात, बऱ्याचशा न लिहिताच.

हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की शाळा म्हटली की ते असणारच, असे आपण धरून चालतो. परंतु यातली एकही गोष्ट शाळेबरोबर आपोआप जन्माला आलेली नाही. प्रत्येक प्रथा कोणीतरी, कधीतरी, कोणत्या तरी गरजेपोटी सुरू केली. काही गरजा आजही आहेत. काही केव्हाच संपल्या, पण प्रथा मागे राहिली. कोणती प्रथा कोठून आली हे माहीत असले, तर ती ठेवावी, बदलावी की सोडावी याचा विचार करता येतो. म्हणून वऱ्हाडातल्या शाळेची घडी कशी बसत गेली, ते या लेखात पाहू.

पंतोजींची शाळा

१८५३ पूर्वी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. तरी गावगाड्याचा हिशेब आणि पत्रव्यवहार मराठीत, मोडी लिपीत चाले. त्या कामापुरते लिहिणे-वाचणे शिकवणाऱ्या पंतोजींच्या शाळा महाराष्ट्रात इतरत्र होत्या, तशाच इथेही होत्या. एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा मंडप, एक पंतोजी आणि निरनिराळ्या वयांची पंधरा-वीस मुले. इयत्ता नाहीत, तास नाहीत, छापील पुस्तक नाही. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोठ्या मुलाने लहानाला गिरवून द्यायचे, मोडीचा कित्ता घोटायचा आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून परवचा म्हणायचा.

या परवच्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. आज ते आपल्याला निव्वळ घोकंपट्टी वाटतात. पण रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असणाऱ्या बाजारात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचा हिशेब तोंडी करावा लागे. कागद महाग होता आणि पुस्तक नव्हतेच. अशा वेळी सर्वांनी एका सुरात पाढे म्हणणे ही त्या काळातली सोयीची पद्धत होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आणि मीटर आले आणि या पाढ्यांची बाजारातली गरज संपली. तरीही पुढे कित्येक वर्षे अनेक घरांत आणि शाळांत ते म्हटले जात राहिले. कारण संपले तरी प्रथा किती काळ टिकू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या शाळेचे गुण सांगताना तिची कुंपणेही विसरता येत नाहीत. ओसरीवर कोणी बसायचे हे जातीवरून ठरे आणि मुली तिथे जवळजवळ नसतच. तो नियम कोठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. न लिहिलेला नियम किती कडक असू शकतो हे आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याच्याशी आपल्याला काम आहे.

मद्रासहून लंडनला आणि परत

वर्गनायक, म्हणजे मॉनिटर, ही प्रथा आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे आपण समजतो. तिचा प्रवास मात्र उलटसुलट झालेला आहे. अँड्र्यू बेल हा पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. तिथल्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. ती युक्ती त्याने आपल्या शाळेत आणली. नेमलेले शिक्षक ती वापरायला तयार होईनात, तेव्हा एका हुशार मुलालाच त्याने धाकट्यांना शिकवायला बसवले. हा अनुभव त्याने १७९७ मध्ये पुस्तकरूपाने छापला. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरनेही अशीच पद्धत चालवली. एक शिक्षक आणि शेकडो मुले असा संसार तिच्यामुळे अगदी थोड्या खर्चात चालू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत मुंबई इलाख्यातल्या नव्या मराठी शाळांत आली आणि आपल्याच ओसरीवरची रीत आपल्याला विलायती म्हणून परत मिळाली.

परत येताना मात्र तिचे रूप बदलले होते. पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा लहानाला शिकवी. लँकेस्टरच्या शाळेत तो हुकूम सोडी, रांगा लावी, गुण मांडी आणि चुकणाऱ्याचे नाव वर कळवी. आपल्या आजच्या वर्गनायकाकडे यातले कोणते काम आहे? बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे एवढेच असेल, तर बेलने मद्रासमध्ये पाहिलेली चांगली गोष्ट आपण वाटेत हरवली आहे, असे म्हणावे लागेल.

हजेरीपट आणि तपासणी

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे पूर्व वऱ्हाडचे मुख्य ठाणे अमरावती आणि पश्चिम वऱ्हाडचे अकोला झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात ठिकठिकाणी शिक्षण खाते, तपासनीस आणि अनुदान अशी चौकट घालून दिली होती. वऱ्हाडात ही चौकट १८६० च्या दशकात उभी राहिली. अकोला आणि अमरावतीच्या सरकारी हायस्कुलांची सुरुवातही याच दशकातली.

या चौकटीबरोबर इयत्ता आल्या, ठरावीक अभ्यासक्रम आला, रविवारची सुट्टी आली आणि हजेरीपट आला. सरकारी पैसा खर्च होतो तर तो कोणावर होतो हे कळायला हवे, यासाठी हजेरीपट. शिकवणे कसे चालले आहे हे दूरच्या वरिष्ठाला समजावे, यासाठी तपासणी. दोन्ही हेतू रास्तच होते. पण ज्या गोष्टीची तपासणी होते तीच गोष्ट हळूहळू शाळेचे ध्येय होऊन बसते. इंग्लंडमध्ये १८६२ पासून मुलांची हजेरी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेतले यश मोजून शाळांना अनुदान देऊ लागले. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळा तपासनीस होता. या पद्धतीमुळे शिकवणे यांत्रिक होते, अशी टीका तो सतत करत राहिला. शतक संपता संपता इंग्लंडने ती सोडून दिली. आपल्याकडेही काही प्रांतांत निकालावर अनुदान देण्याची पद्धत काही काळ होती.

चौकट तीच असली, तरी तिच्यात काम करणारी माणसे निरनिराळी असतात. विष्णू मोरेश्वर महाजनी हे पुण्याकडचे विद्वान अकोल्याच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. पुढे वऱ्हाडच्या शिक्षण खात्यात ते वरच्या पदापर्यंत चढले आणि १९०७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा गोपाळ गणेश आगरकर हा अत्यंत गरीब मुलगा शिक्षणासाठी फिरत फिरत अकोल्याला पोचला आणि १८७५ मध्ये तिथूनच मॅट्रिक झाला. महाजनी हे त्याचे अकोल्यातले गुरू. दूर गावाहून आलेला, घरात कोणी विचारायला नसलेला मुलगा शाळेत टिकला, याचे श्रेय त्याच्या जिद्दीला आहेच. त्याचबरोबर त्याच्याकडे पाहणारे कोणीतरी शाळेत होते, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. हजेरीपटातल्या ‘ह’ आणि ‘गै’ यांच्यामागे मूल पाहणे ही शिक्षकाची नजर असते. ती कोणत्याही नमुन्यात भरता येत नाही.

रेल्वेची वेळ, सूर्याची वेळ

शाळेची घंटा हा पुष्कळ ठिकाणी रेल्वेच्या रुळाचा तुकडा असतो. एका टोकाला टांगलेल्या पोलादात ठोक्याचे कंप लवकर विरत नाहीत, म्हणून त्याचा नाद लांबवर ऐकू जातो. पण रुळाचे आणि शाळेचे नाते एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. अकोला या मार्गावरच होते, अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा गेला.

आगगाडीबरोबर मिनिटे आली. त्याआधी घटकापात्राने मोजलेली घटका, म्हणजे २४ मिनिटे, हे सामान्य व्यवहारातले लहान माप होते. शेतकऱ्याला प्रहर पुरे. गाडीला मात्र मिनिटे लागतात, आणि सर्व स्थानकांवर तीच मिनिटे लागतात. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. अकोल्याचे रेखांश सुमारे ७७ अंश पूर्व, अमरावतीचे सुमारे पाऊण अंश अधिक. म्हणजे अमरावतीची मध्यान्ह अकोल्याच्या ३ मिनिटे आधी होते. गावोगावच्या सूर्यावर गाड्या चालवणे अशक्य, म्हणून देशभर रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रास सुमारे सव्वाऐंशी अंशांवर आहे. त्यामुळे अकोल्यात सूर्य माथ्यावर येई तेव्हा रेल्वेच्या हिशेबाने १२ वाजून १३ मिनिटे झालेली असत. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली आणि हे अंतर २२ मिनिटांचे झाले.

हा हिशेब मुलांकडून पडताळून घेता येतो. सूर्याची चाल वर्षभर घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही, पण १५ एप्रिलच्या सुमारास ती जवळजवळ जुळते. त्या दिवशी पटांगणात एक सरळ काठी उभी करावी, १२ पासून १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली केव्हा पडली ते पाहावे. अकोल्यात ती १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास मिळेल, अमरावतीत १२ वाजून १९ च्या आसपास. त्या वेळी सावली फार हळू बदलते, म्हणून दोन-चार मिनिटांची चूक होणारच. ती का होते, हाही चर्चेचा विषय करावा. शाळेचे घड्याळ हा निसर्गनियम नसून माणसांनी आपसांत केलेला करार आहे, ही गोष्ट मुलांना यातून आपोआप उमगते.

करार हा शब्द महत्त्वाचा आहे. पस्तीस मिनिटांचा तास, मधली सुट्टी, अकरा ते पाच ही कचेरीशी जुळणारी वेळ, हे सगळे करारच आहेत. कराराला पक्ष असतात आणि गरज पडली तर तो बदलताही येतो.

ऊन आणि पऱ्हाटी

वऱ्हाडने हा करार काही प्रमाणात बदलून घेतला, त्याला कारण ऊन. मे महिन्यात अकोल्याचा दुपारचा पारा पुष्कळदा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही उन्हाचा कडका ओसरलेला नसतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळची शाळा भरते आणि उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडल्या तरी विदर्भातल्या आठ-पंधरा दिवस उशिराने उघडतात. हवामान सर्वांना सारखेच चटके देते. अधिकारी, शिक्षक, पालक, सगळेच ते सोसतात. त्यामुळे हा बदल लवकर मान्य झाला.

कापसाचे तसे झाले नाही. दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटी फुटते आणि पुढचे दोन-तीन महिने वेचणी चालते. बोंडे फुटली की कापूस थांबत नाही; पाऊस आला तर हातातले पीक मातीमोल होते. मजुराच्या आणि लहान शेतकऱ्याच्या घरातले सगळे हात शेतात लागतात. मोठी मुले वेचायला जातात, मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. “कापूस येचाले गेल्तो, गुर्जी,” हे उत्तर वऱ्हाडातल्या शिक्षकाला नवे नाही. ते बरोबर आहे असे आम्ही म्हणत नाही. मूल शाळेतच असायला हवे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तो त्याचा हक्क आहे. प्रश्न असा, की आठ-दहा दिवसांनी ते मूल वर्गात परत येते तेव्हा शाळेच्या घडीत त्याच्यासाठी काय आहे?

बहुतेक ठिकाणी आहे ते हजेरीपटातले गैरहजेरीचे चिन्ह आणि “इतके दिवस कुठे होतास?” हा प्रश्न. गणितात भागाकार सुरू झालेला, भूगोलाचे दोन पाठ पुढे गेलेले. मूल मागच्या रांगेत बसते. असे दोन-तीनदा झाले की ते येईनासे होते. घरात आधी कोणी शाळेत गेलेले असेल तर वही मिळवून, विचारून ते खड्डा भरून काढते. पहिल्या पिढीच्या मुलाला कोणाला काय विचारायचे हेच ठाऊक नसते. शाळेची घडी त्याला आधार देण्याऐवजी बाहेर ढकलते, तेही कोणाच्या मनात तसे नसताना.

यावर फार मोठा उपाय लागत नाही. परत आलेल्या मुलाचा पहिला दिवस कसा असावा, हे शाळेने एकदा ठरवून ठेवावे लागते. कोणता सोबती त्याला चुकलेले दाखवील, पहिल्या तासाला शिक्षक त्याच्याशी काय बोलतील, वेचणीच्या आठवड्यांत नवा घटक केव्हा सुरू करायचा, एवढे ठरले तरी पुरे. बेलने मद्रासमध्ये पाहिलेला, शेजाऱ्याला शिकवणारा मुलगा इथे कामी येतो. वर्षाचे शैक्षणिक वेळापत्रक ठरवण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणाकडे दिली आहे. तेव्हा पिकाचे दिवस आणि शाळेचे दिवस एकत्र मांडून विचार करायला नियमांचीही आडकाठी नाही.

झाडू कोणाच्या हातात?

अमरावतीने देशातल्या शाळांना एक गोष्ट भरभरून दिली. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९२४ पासून तिथे शारीरिक शिक्षणाचे उन्हाळी वर्ग सुरू झाले आणि गावोगावचे तरुण व शिक्षक तिथे शिकून आपापल्या गावी परतू लागले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कवायतीत सर्वांचे पाऊल एकदम पडते आणि त्याचा आनंदही असतो. रांगेत पुढे कोण, मागे कोण, हे केवळ उंचीवर ठरते, ही तिच्यातली समतेची बाजू.

पण शाळेतल्या सगळ्याच कामांत ही समता उतरली नाही. पाणी कोणी भरायचे, खोली कोणी झाडायची, गुरुजींचा चहा कोणी आणायचा, या पाळ्या पुष्कळदा कोणी न ठरवताच ठरत गेल्या. झाडायला मुली, बाहेर निरोप न्यायला मुलगे. काही गावांत त्याहून जुनी आणि कडवट वाटणी असे, ती जातीची. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय उभारले आणि पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या शाळेचे दार उघडून देणे हा त्यामागचा हेतू होता. दार उघडल्यावर आत कोण काय काम करतो, हा प्रश्नही त्याच्याशी जोडलेलाच असतो.

याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी तो प्रश्न फार साधेपणाने सोडवला. गावात शिरले की ते स्वतः खराटा हाती घेत आणि झाडायला लागत. मग लोकही येत. उपदेश रात्री कीर्तनात, काम आधी. शाळेने यातून घ्यायचे ते असे: पाळी पटावरच्या क्रमांकाने लागावी, मुलगा-मुलगी आणि जात न पाहता, आणि तिच्यात गुरुजी-बाईंचेही नाव असावे. ज्या वर्गात शिक्षक आपल्या पाळीला खडूची धूळ पुसतात, तिथे श्रमप्रतिष्ठेवर वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

एकट्याचा नियम आणि सर्वांचा नियम

आता आपण शिक्षकांच्या खोलीत येऊ. एका शिक्षकाच्या तासाला उशीर झाला तरी गुपचूप बसता येते, दुसऱ्याच्या तासाला दाराशी उभे राहावे लागते. एकजण गृहपाठ देतात आणि पाहतात, दुसरे देतात आणि पाहत नाहीत. एका तासाला प्रश्न विचारणे हुशारीचे, दुसऱ्याला आगाऊपणाचे. दिवसातून सात तास म्हणजे सात निरनिराळे कायदे. हुशार किंवा सुशिक्षित घरातले मूल ते झटकन ओळखते. नवख्या मुलाची बरीचशी बुद्धी मात्र ते ओळखण्यातच खर्च होते. माणसाच्या मनात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. त्यातली जागा ‘आता इथे कसे वागायचे?’ या विचाराने अडवली, तर भागाकाराला जागा उरत नाही.

मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन शहरातल्या १२ माध्यमिक शाळांचा काही वर्षे अभ्यास करून १९७९ मध्ये निष्कर्ष छापले. मुले सारख्याच तऱ्हेच्या वस्त्यांतून येत असली, तरी शाळाशाळांत हजेरी, वागणूक आणि परीक्षेतले यश यांत बराच फरक होता. तो इमारतीच्या जुनेपणावरून किंवा शाळेच्या आकारावरून समजावता येईना. जिथे तास वेळेवर सुरू होत, गृहपाठ नियमाने दिला आणि पाहिला जाई, मुलांचे काम भिंतीवर लागे, मुलांवर जबाबदाऱ्या टाकल्या जात आणि शिस्तीच्या अपेक्षा शिक्षक मिळून ठरवत, तिथे चित्र चांगले होते. अमेरिकेत जेकब कुनिन यांनीही वर्गांच्या चित्रफिती पाहून १९७० मध्ये असेच काहीसे लिहिले. खोडी झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, याने वर्गावर फारसा फरक पडत नाही. खोडीला वावच राहू नये अशी कामाची गुंफण कशी केली आहे, याने पडतो.

आपल्याकडचा हिशेबही करून पाहू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला ८०० आणि सहावी ते आठवीला १००० तास अध्यापन अपेक्षित आहे. आठ वर्षांचे मिळून ७००० तास झाले. पस्तीस मिनिटांच्या प्रत्येक तासातली पहिली पाच मिनिटे शांत करण्यात, वह्या काढण्यात आणि खडू शोधण्यात गेली, तर सातवा हिस्सा गेला. म्हणजे १००० तास, वरच्या प्राथमिक इयत्तेतले एक आख्खे वर्ष. तास सुरू होताना फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असेल आणि मुलांनी येताच तो सोडवायला घ्यायचा, एवढी एक रीत सगळ्या शिक्षकांनी पाळली, तर या वर्षातला बराच भाग परत मिळतो. दुसरी रीत तर फुकटची आहे. मेरी बड रो यांना विज्ञानाच्या वर्गांत असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात.

एकत्र ठरवणे सोपे नसते, हेही इतिहासच सांगतो. अकोल्याहून गेलेले आगरकर पुढे टिळकांबरोबर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत होते. थोड्या पगारावर संस्थेला आयुष्य वाहून घ्यायचे, या अपेक्षेवर ती मंडळी एकत्र आली. पण संस्थेबाहेरचे काम करावे का आणि जादा मिळकत घ्यावी का, यावर मतभेद वाढत गेले आणि १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेबाहेर पडले. दोन्ही बाजूंना प्रामाणिक आणि थोर माणसे होती. तरीही तसे झाले, कारण एकाच शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा होता. तेव्हा नियम थोडे असावेत, ते लिहिलेले असावेत, ‘का’ हे त्यांच्यासोबत लिहावे आणि दर वर्षी एकदा ते पुन्हा वाचावेत.

जूनमधली एक सभा

शाळा उघडण्याच्या आधीच्या सभेत एक काम करता येईल. मोठ्या कागदावर आपल्या शाळेतल्या सगळ्या रोजच्या रीती लिहाव्यात: घंटेपासून पाण्याच्या पाळीपर्यंत, लिहिलेल्या आणि न लिहिलेल्याही. प्रत्येकीपुढे तीन प्रश्न विचारावेत. ही कोणासाठी सुरू झाली? आज तिचा उपयोग कोणाला होतो? आणि ती नव्या मुलाला कोणी सांगते का, की त्याने ती चुकून चुकून शिकायची?

पहिल्या प्रश्नाची उत्तरे गमतीची निघतील. दुसऱ्या प्रश्नाने काही रीती खोडाव्या लागतील. छडी, बाकावर उभे करणे, पाणउतारा करणे यांना तर शिक्षण हक्क कायद्याने आधीच बंदी घातली आहे. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र थोडे जास्त थांबावे लागेल. आगरकरांसारखी मुले न सांगितलेले नियम ओळखून पुढे जातात. पण शाळा काही फक्त आगरकरांसाठी नसते. वेचणीच्या दिवसांत आठ दिवस चुकवून दाराशी अडखळलेल्या मुलीला, इथे आता काय करायचे हे लगेच कळले पाहिजे. तिने मागच्या बाकाकडे जाण्याआधी सोबतिणीने वही पुढे केली पाहिजे, आणि पुढच्या सातही तासांना तिला तीच वागणूक मिळाली पाहिजे. एवढे जमले, तर त्या शाळेची घडी नीट बसली असे म्हणता येईल.